पट्ट्यावर चालणारे रोबो संगणकावर जुळवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील साखळी येथील आमच्या शनिवारच्या रोबोटिक्स वर्गात मुले आधी संगणकावर लेगोचे ब्रिक जुळवून प्रतिकृती तयार करतात आणि मगच प्रत्यक्ष तुकड्यांना हात लावतात. चाकांच्या गाड्यांबाबत या पद्धतीत फारशा अडचणी येत नाहीत. पट्ट्याचा रोबो घेतला की मात्र मुले, पालक आणि शेजारच्या शाळांतील शिक्षक तेच ते प्रश्न घेऊन येतात, म्हणून ते प्रश्न उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत.

‘पट्टा’ म्हणजे नेमके काय?

आपल्या भागातील खाणींवर पोकलेन आणि डोझर पाहत वाढलेल्या मुलांना ही ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. तेथील चालक ज्याला ‘चेन’ म्हणतात, त्यालाच या पानावर पट्टा म्हटले आहे. त्या पट्ट्याचा एक सुटा तुकडा म्हणजे कडी, त्याला ओढणारे दात्यांचे चाक म्हणजे दातेरी चाक, आणि मोटर नसलेले, केवळ पट्टा ताणून धरणारे चाक म्हणजे मोकळे चाक. लेगोच्या तुकड्यांत दोन प्रकारचे पट्टे मिळतात. एक प्लॅस्टिकच्या कड्या एकमेकींत अडकवून केलेला आणि दुसरा एकसंध रबरी. लेगोच्या माइंडस्टॉर्म्स या रोबो-मालिकेतील ईव्ही३ च्या घरगुती संचातील ट्रॅकर नावाच्या रोबोला रबरी पट्टे होते. यापुढील बहुतेक उत्तरे कड्यांच्या पट्ट्याविषयी आहेत, कारण संगणकावर खरा त्रास तोच देतो.

कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

नव्याने सुरुवात करणाऱ्याने ब्रिकलिंक या लेगो तुकड्यांच्या ऑनलाइन बाजाराचे ‘स्टुडिओ’ घ्यावे. ते विनामूल्य असून विंडोज व मॅक या दोन्हींवर चालते, आणि तुकड्यांची यादी, जुळणीची पायरीवार पुस्तिका व प्रत्यक्षासारखे चित्र या तिन्ही गोष्टी त्यातच तयार करता येतात. लेगो कंपनीने २०१९ मध्ये ब्रिकलिंक विकत घेतल्यानंतर तेच तिचे अधिकृत सॉफ्टवेअर ठरले.

ज्यांच्या शाळेतील संगणक जुने आहेत, त्यांनी ‘लिओकॅड’ वापरून पाहावे. ते हलके आहे आणि लिनक्सवरही चालते. संगणकावर काहीही बसवण्याची परवानगी नसेल, तर ब्राउझरमध्ये उघडणारे ‘मेकाब्रिक्स’ हा पर्याय राहतो. पट्टे, साखळ्या आणि नळ्या यांचेच काम पुष्कळ करायचे असेल, तर रोलंड मेलकर्ट यांचे ‘एलडीकॅड’ शिकण्याचे कष्ट घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात पट्ट्याचा मार्ग ठरवून दिला की कड्या त्या मार्गावर आपोआप मांडल्या जातात. त्याचा पडदा पहिल्या भेटीत परका वाटतो, परंतु आठवडाभरात हात बसतो.

जुन्या ‘लेगो डिजिटल डिझायनर’मधील फाइली आहेत. त्यांचे काय करावे?

त्या सॉफ्टवेअरचा आधार कंपनीने २०२२ च्या सुरुवातीला काढून घेतला, तरी त्याच्या एलएक्सएफ प्रकारच्या फाइली स्टुडिओमध्ये उघडता येतात. उघडल्यानंतर पट्ट्याच्या कड्या सर्वप्रथम तपासाव्यात, कारण एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना वळलेले तुकडे जागा सोडण्याचा संभव अधिक असतो. दुरुस्ती झाली की एलड्रॉच्या स्वरूपातही एक प्रत ठेवावी, म्हणजे पुढे कोणतेही एक सॉफ्टवेअर बंद पडले तरी काम अडत नाही.

एलड्रॉ म्हणजे काय? तेही सॉफ्टवेअरच आहे का?

जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ मध्ये ते सॉफ्टवेअर म्हणूनच लिहिले. १९९७ मध्ये त्याचे अकाली निधन झाले आणि त्यानंतर जगभरच्या हौशी लोकांनी ते काम पुढे नेले. आज एलड्रॉ म्हणजे तुकड्यांचे खुले भांडार आणि फाइल लिहिण्याची सर्वमान्य पद्धत होय. लिओकॅड आणि एलडीकॅड यांचा पाया तोच आहे आणि स्टुडिओलाही ती फाइल वाचता येते.

त्याची मोजमापे पाठ करून ठेवण्याजोगी आहेत. एलड्रॉचे एक एकक म्हणजे ०.४ मिलिमीटर. ब्रिकवरच्या दोन शेजारच्या स्टडच्या, म्हणजे गोल उंचवट्यांच्या, केंद्रांतील अंतर २० एकके, म्हणजे ८ मिलिमीटर. ब्रिकची उंची २४ एकके, म्हणजे ९.६ मिलिमीटर, आणि प्लेटची त्याच्या एक तृतीयांश. लेगोच्या टेक्निक मालिकेतील बीमवरील, म्हणजे छिद्रांच्या दांडीवरील, दोन शेजारच्या छिद्रांतील अंतरही ८ मिलिमीटरच असते. खाली ‘घर’ हा शब्द याच ८ मिलिमीटरसाठी वापरला आहे.

पट्ट्याला कड्या किती लागतील, हे आधी कसे ठरवावे?

हा प्रश्न शेवटी विचारला जातो आणि तेथेच बहुतेकांचे काम बिघडते. तो अगदी पहिल्यांदा सोडवावा.

दोन्ही चाके सारखी असतील तर हिशेब सोपा आहे. पट्ट्याचा वरचा सरळ भाग आणि खालचा सरळ भाग यांची लांबी प्रत्येकी दोन धुऱ्यांमधील अंतराइतकी असते, आणि दोन्ही टोकांना अर्धे अर्धे वळण मिळून एका चाकाचा एक पूर्ण वेढा होतो. म्हणून कड्यांची संख्या काढण्यासाठी धुऱ्यांमधील अंतराची दुप्पट करावी, तिला एका कडीच्या लांबीने भागावे आणि त्यात चाकाच्या दात्यांची संख्या मिळवावी. कडीची लांबी म्हणजे एका जोडाच्या केंद्रापासून पुढच्या जोडाच्या केंद्रापर्यंतचे अंतर. कडीच्या बाहेरच्या कडा मोजल्यास उत्तर चुकते. आपण निवडलेल्या तुकड्याचे हे अंतर सॉफ्टवेअरमध्येच दोन कड्या जोडून मोजावे.

उदाहरणादाखल समजा, की कडीची लांबी १२ मिलिमीटर आहे आणि चाकाच्या एका वेढ्यात १० कड्या बसतात. धुऱ्या १५ घरांवर, म्हणजे १२० मिलिमीटरवर ठेवल्या, तर २४० भागिले १२ म्हणजे २०, अधिक १०, एकूण ३० कड्या. उत्तर पूर्णांकात आले, पट्टा बसतो. आता त्याच धुऱ्या १६ घरांवर नेल्या तर २५६ भागिले १२ म्हणजे २१.३३, अधिक १०, एकूण ३१.३३. एक तृतीयांश कडी कोणत्याही दुकानात मिळत नाही.

माझ्या पहिल्या पट्ट्याच्या रोबोत मी हीच १६ घरांची चूक केली होती. पडद्यावर कड्या एकमेकींत थोड्या घुसवून वर्तुळ पूर्ण दाखवले, चित्र देखणे आले, आणि तुकडे हाती आल्यावर ३१ कड्यांचा पट्टा ४ मिलिमीटर तोकडा पडला. ३२ कड्या घातल्या तर ८ मिलिमीटर जास्त झाले. ८ मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण ती सगळी ढिलाई वरच्या १२८ मिलिमीटरच्या भागात जमा झाली, तर पट्टा मध्यभागी जवळजवळ २० मिलिमीटर खाली झोळतो, म्हणजे थेट धुरीच्या पातळीला येतो. वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी थोडीशी सैल केली की ती किती खाली येते, हे आठवावे. त्यामागचे गणित हेच आहे.

उपाय अर्ध्या घरात होता. धुऱ्या साडेसोळा घरांवर नेल्या की २६४ भागिले १२ म्हणजे २२, अधिक १०, बरोबर ३२ कड्या. या मापांच्या कडीसाठी धुऱ्यांमधील अंतर दीड घराच्या पटीत ठेवले, की उत्तर नेहमी पूर्णांकात येते.

अर्धे घर सरकवायचे कसे? बीमची छिद्रे तर एकेका घरावर असतात.

स्टड असलेल्या टेक्निक ब्रिकची छिद्रे एरवी दोन स्टडच्या मध्ये असतात, पण त्यांत लहान आकाराचा, दोन छिद्रे असलेला दोन स्टडचा तुकडाही मिळतो. त्याची छिद्रे स्टडच्या बरोबर खाली असतात, त्यामुळे नेमके अर्ध्या घराचे अंतर साधते. मोकळे चाक अशा तुकड्यावर बसवावे आणि मोटरचे चाक जागच्या जागी राहू द्यावे.

दोनपेक्षा अधिक चाके असतील, किंवा पट्टा त्रिकोणी असेल, तर?

सर्व चाके सारखी असतील आणि पट्टा कोठेही आत वळत नसेल, तर तोच नियम चालतो. सर्व धुऱ्या जोडून होणाऱ्या आकृतीची परिमिती काढावी, तिला कडीच्या लांबीने भागावे आणि दात्यांची संख्या एकदाच मिळवावी, कारण चाके कितीही असली तरी सगळी वळणे मिळून एकच पूर्ण वेढा होतो.

त्रिकोणासाठी मला ९, १२ आणि १५ घरांचा काटकोन त्रिकोण फार आवडतो. शाळेतील ३, ४, ५ चाच तो तिप्पट आहे, त्यामुळे तिन्ही धुऱ्या बीमच्या छिद्रांवर बिनचूक बसतात. परिमिती ३६ घरे, म्हणजे २८८ मिलिमीटर, भागिले १२ म्हणजे २४, अधिक १०, एकूण ३४ कड्या. सहावीतल्या एका मुलीने हे उत्तर काढल्यावर पायथागोरसचा येथे काय संबंध, असे विचारले होते. त्या दिवशीचा उरलेला वर्ग भूमितीतच गेला.

चाके लहान-मोठी असतील, तर दोन्हींच्या दात्यांची सरासरी मिळवावी लागते आणि त्याशिवाय एक लहानशी भर पडते. दात्यांच्या संख्येतील फरकाचा वर्ग करून त्याला कडीच्या लांबीने गुणावे आणि धुऱ्यांमधील अंतराच्या ३९.५ पटीने भागावे, म्हणजे ती भर मिळते. नवशिक्याने या वाटेला जाऊ नये.

स्टुडिओमध्ये कड्या एकेक करून जोडल्या, पण शेवटची कडी पहिलीला मिळत नाही. का?

प्रत्येक कडी मागच्या कडीशी बिजागरीने जोडलेली असते आणि प्रत्येक बिजागरीचा कोन आपण हाताने दिलेला असतो. एका ठिकाणी अर्ध्या अंशाची चूक झाली की ती पुढच्या सगळ्या कड्यांत उतरते आणि तिसाव्या कडीपर्यंत तिचे चांगलेच अंतर पडते. त्यामुळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत साखळी वळवत नेण्याची पद्धत सोडून द्यावी.

त्याऐवजी चार भाग स्वतंत्र करावेत. खालचा सरळ भाग आडव्या रेषेत मांडावा. त्याचीच प्रत घेऊन ती १८० अंशांत उलटी करून वरच्या उंचीवर ठेवावी. वळणासाठी एक कडी चाकाच्या दात्यावर नीट बसवावी, मग तिची प्रत चाकाच्या केंद्राभोवती ठरावीक कोनात फिरवत जावे. १० दात्यांच्या चाकासाठी तो कोन ३६० भागिले १०, म्हणजे ३६ अंश. एका टोकाचे वळण तयार झाले की ते १८० अंशांत फिरवून दुसऱ्या टोकाला न्यावे. भाग एकमेकांना टेकतात तेथे सॉफ्टवेअर जोड ओळखण्याची हट्टी खटपट करते, तेवढ्यापुरती तुकडे आपोआप चिकटण्याची आणि टक्कर तपासण्याची सोय बंद ठेवावी आणि काम झाल्यावर आठवणीने पुन्हा चालू करावी. ती बंदच राहिल्यामुळे मोटरच्या पोटातून बीम गेलेले नमुने मी अनेकदा पाहिले आहेत.

पट्टा सर्वांत शेवटी काढावा, ही सवय मुलांना लावणे मला जड जाते. त्यांना पट्टा आधी दिसायला हवा असतो. आधी मोजणी, मग चाके, मग सांगाडा, मग मोटर, आणि पट्टा अखेरीस, हा क्रम पाळला तर सांगाड्यात बदल करताना साठ-सत्तर कड्या पुन्हा हलवाव्या लागत नाहीत.

कड्या स्वतः प्रोग्रॅम लिहून मांडता येतात का?

येतात, आणि नववी-दहावीच्या मुलांसाठी हा उत्तम अभ्यास आहे. एलड्रॉची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. प्रत्येक तुकड्यासाठी एक ओळ असते. तिच्यात सुरुवातीला १ हा आकडा, मग रंगाचा क्रमांक, मग जागेचे ३ आकडे, मग तुकडा कसा वळला आहे हे सांगणारे ९ आकडे आणि शेवटी तुकड्याच्या फाइलचे नाव येते. १२ मिलिमीटरची कडी म्हणजे ३० एकके, तेव्हा सरळ भागात दर कडीला ३० मिळवत जायचे आणि वळणावर ज्या-कोज्या (साइन-कोसाइन) वापरायच्या. एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की एलड्रॉमध्ये उभ्या अक्षाची धन दिशा खाली असते. हे विसरले की रोबो छताला लटकलेला दिसतो.

रबरी पट्टा संगणकावर नीट बसत नाही. काय करावे?

फार काही करू नये. रबरी पट्टा हा एकच तुकडा असल्यामुळे भांडारात तो ठरावीक आकारात काढलेला असतो आणि आपल्या चाकांप्रमाणे ताणला जात नाही. चाकांमधील अंतर त्या आकाराशी जुळवून घ्यावे, किंवा प्रत्यक्ष पट्टा समोर ठेवून, तो अतिताण न देता कोणत्या अंतरावर बसतो हे बघून, तेवढेच अंतर संगणकावर घ्यावे.

डावी बाजू तयार झाली. तीच फिरवून उजवी करता येईल का?

नाही. १८० अंशांत फिरवलेल्या बाजूचे मोटरचे चाक मागून पुढे जाते, तर आपल्याला हवे असते आरशातील प्रतिबिंब. सममित तुकडे तसेच राहतील, परंतु मोटर आणि कोन असलेले तुकडे उजव्या बाजूसाठी नव्याने बसवावे लागतात. दोन्ही बाजू स्वतंत्र उपनमुने म्हणून जतन केल्या तर पुस्तिका करणेही सोपे जाते.

रोबो पडद्यावर सुंदर दिसतो, पण प्रत्यक्षात वळतच नाही. चूक कोठे आहे?

बहुधा लांबी-रुंदीच्या प्रमाणात. पट्ट्याचे वाहन सुकाणूने वळत नाही. एक पट्टा पुढे आणि दुसरा मागे, किंवा एक जलद आणि दुसरा संथ फिरवला, की ते जागेवर घसटत वळते. वळताना जमिनीला टेकलेला पट्टा आडवा घासला जातो, आणि पट्टा जितका लांब तितकी ही घसट अधिक. तिला हरवणारा जोर दोन पट्ट्यांमधील अंतराच्या प्रमाणात वाढतो. वजन सारखे पसरलेले आहे आणि आडवे व उभे घर्षण सारखेच आहे असे धरून हिशेब मांडला, तर जमिनीला टेकलेली लांबी दोन पट्ट्यांच्या मध्यरेषांतील अंतराच्या दुपटीहून जास्त झाली, की मोटर कितीही दणकट असली तरी रोबो जागच्या जागी वळू शकत नाही. पट्टेच घसरतात. व्यवहारात हे प्रमाण दीडपटीच्या आत ठेवावे. गुळगुळीत फरशीवर चाललेला रोबो अंगणातील चिऱ्याच्या खडबडीत फरसबंदीवर अडखळतो, त्यामागेही घर्षणच असते. लांब पट्टा हवाच असेल, तर मधली चाके किंचित खाली घ्यावीत, म्हणजे सपाट जागी पट्ट्याचा मधला भागच टेकतो.

मोटरची ताकद पुरेल की नाही, हे सॉफ्टवेअर सांगते का?

सांगत नाही. स्टुडिओ रचनेची स्थिरता तपासते, पण घर्षण आणि मोटरचा जोर त्याला कळत नाही. ते कागदावर काढावे लागते. ईव्ही३ ची मोठी मोटर चालू स्थितीत सुमारे २० न्यूटन-सेंटिमीटर जोर देते आणि मिनिटाला १६० ते १७० फेरे घेते. चाकाची त्रिज्या २ सेंटिमीटर धरली तर पट्ट्यावर सुमारे १० न्यूटनांची ओढ मिळते. एक किलोच्या, दीडपट प्रमाणाच्या रोबोला वळताना दर बाजूला साधारण ३ न्यूटन लागतात, घर्षणाचा गुणांक ०.८ धरून. म्हणजे गिअर न लावताही काम भागते. वेगही पुरेसा असतो: एका फेऱ्याला १२ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३२ सेंटिमीटर.

गिअर लावायचेच असतील तर अंतरे कशी जुळवावीत?

लेगोच्या सरळ दात्यांच्या गिअरची त्रिज्या मिलिमीटरमध्ये दात्यांच्या निम्मी असते. त्यामुळे ८ आणि २४ दाते, १२ आणि २० दाते, किंवा १६ आणि १६ दाते या तिन्ही जोड्या २ घरांवर बसतात, आणि ८ व ४० ची जोडी ३ घरांवर.

पिनांचा रंग महत्त्वाचा असतो का?

दिसण्यापुरता नव्हे. साध्या काळ्या पिनेला घर्षणासाठी कंगोरे असतात आणि करड्या पिनेला नसतात. मोकळे चाक काळ्या पिनेवर बसवले तर पडद्यावर कोणताही दोष दिसत नाही, प्रत्यक्षात मात्र मोटर कण्हते.

तुकडे मागवताना काय पाहावे?

निवडलेला तुकडा निवडलेल्या रंगात कधी तयार झाला होता का, हे सॉफ्टवेअरमध्ये तपासून घ्यावे. संगणक निळ्या कड्यांचा पट्टा आनंदाने दाखवतो, बाजारात मात्र काळ्या व करड्याच सहज मिळतात. ३४ कड्यांचे दोन पट्टे म्हणजे ६८ कड्या, त्यावर चार-पाच अधिक घ्याव्यात. परदेशातून मागवल्यास टपालखर्च व सीमाशुल्क धरूनच अंदाज करावा. माइंडस्टॉर्म्सची मालिका २०२२ च्या अखेरीस बंद झाली असल्यामुळे तिच्या जुन्या मोटरी आणि नियंत्रक वापरलेल्या स्थितीत घेताना बॅटरीची जागा गंजलेली नाही ना, हे आवर्जून पाहावे. गोव्याच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या संचांत हा दोष मला वारंवार आढळला आहे.

मिरामारच्या वाळूत किंवा अंगणातील मातीत रोबो चालवता येईल का?

ओल्या, घट्ट वाळूवर थोडा वेळ चालेल. कोरडी वाळू आणि आपली तांबडी माती कड्यांच्या जोडांत शिरते, पट्टा ताठ होतो आणि दाते झिजतात. चालवल्यावर पट्टा सोडवून कड्या साध्या पाण्यात धुवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. पावसाळ्यात त्यांना वाळायला दोन दिवस लागतात.

चतुर्थीच्या देखाव्यासाठी किंवा दिवाळीतील नरकासुराच्या चलत प्रतिमेसाठी हे ज्ञान उपयोगी पडेल का?

लेगोचे तुकडे तेवढे वजन पेलणार नाहीत. परंतु साखळीने हात हलवणाऱ्या नरकासुराला कड्यांची मोजणी याच सूत्राने करावी लागते. आमच्या वाड्यावरील मुलांनी सायकलची साखळी आणि सारख्या दात्यांची दोन चाके वापरून ती केली होती. सायकलच्या साखळीची कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटरची असते, एवढाच आकडा बदलावा लागला. आतल्या आणि बाहेरच्या कड्या आळीपाळीने येत असल्यामुळे तेथे एकूण संख्या समच घ्यावी लागते.